पितरपाटातली गाडी

औरंगाबादच्या पुंडलिकनगरात कुणालाही गाडी घ्यायची झाली की तो माणूस आधी बँकेत जात नसे की शोरूममध्ये जात नसे. चपला काढून तो थेट अनंतराव सेलूकरांच्या ओसरीत येऊन बसत असे. हे स्वरालीचे आजोबा. ट्रेझरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेले, घरीदारी सगळ्यांचे अण्णा. गाडी कोणती घ्यावी हे ते कधीच सांगत नसत. ते सांगत, कधी घ्यावी.

"डिसेंबरात नका घेऊ," ते समोरच्याला म्हणायचे. "स्वस्त पडेल, पण पंधरा दिवसांत गाडी एका वर्षानं म्हातारी होते. विकताना कळेल." कुणाला ते पाडव्यापर्यंत थांबवायचे, कुणाला बजेटच्या आधी पळवायचे. नवं मॉडेल येणार याचा वास त्यांना पेपरातल्या चार ओळींवरून लागायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल पेन्सिलीनं केलेल्या त्यांच्या खुणांवर गल्लीचा हवामान खात्यापेक्षा जास्त भरवसा होता. हवामान खातं तर तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी तोंडावर पडलं होतं. अण्णा एकदाही पडले नव्हते. गल्लीत अकरा गाड्या उभ्या होत्या आणि अकराच्या अकरा त्यांच्या शब्दावर आलेल्या.

बारावी, म्हणजे स्वतःच्या घरची, तेवढी आली नव्हती. दर वर्षी कारण मात्र एकदम पक्कं असायचं, हीच तर गंमत. एका वर्षी अधिक महिना आडवा आला. एका वर्षी पेट्रोल भडकलं. एका दसऱ्याला सगळं जुळलं होतं, तर नवं मॉडेल दोन महिन्यांवर आलेलं. मग जुनं कोण घेईल? आणि मागच्या वर्षी अण्णांनी पेन्सिल खाली ठेवून सांगितलं, "लोक टँकरमागं धावतायत आणि आपण अंगणात गाडी धुवायची? शोभत नाही." आजी होती तेव्हा ती एवढंच म्हणायची, "होऊ द्या तुमच्या मनासारखा मुहूर्त. तोवर रिक्षा आहेच." तीन वर्षांपूर्वी आजी गेली. तोवर रिक्षाच होती.

आता स्वरालीच्या आईविषयी सांगायला हवं, कारण गाडी लागत होती तिला.

आईचं नाव मीनाक्षी. ती फिजिओथेरपिस्ट, पण लोकांना हा शब्द म्हणेपर्यंत धाप लागते, म्हणून सगळे तिला व्यायामवाल्या मॅडम म्हणत. शहर चहूबाजूंनी सुटलं होतं. काल जिथं बाजरी होती तिथं आज सात मजले, आणि प्रत्येक तिसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी गुडघा धरलेला. आई स्कूटीवर पायाशी स्नायूंना करंट देणारं मशीन घ्यायची, तोंडाला ओढणी बांधायची आणि सातारा परिसर, बीड बायपास, हर्सूल असं सगळं पालथं घालून यायची. घरी आली की ओढणी झटकली तरी अर्धी वाटी धूळ निघायची. गाडी चालवायला ती उन्हाळ्यात रीतसर शिकली होती. लायसन्स पर्समध्ये होतं, पैशांची सोय तिनं बँकेत जाऊन केव्हाच करून ठेवली होती. बाबा कंपनीत शिफ्टला असत. ते म्हणाले, "तू आणि अण्णा ठरवा, मी सही करतो." आणि झोपले.

आईच्या हातात जादू आहे असं पेशंट म्हणत. स्वरालीचं म्हणणं वेगळं होतं: जादू हातात नाही, बोलण्यात आहे. रविवारी ती आईबरोबर हर्सूलला द्वारकाबाईंकडं जायची. द्वारकाबाई आजीची मैत्रीण. तळ्याजवळच्या मळ्यातली भाजी घेऊन वीस वर्षं त्या पुंडलिकनगरात यायच्या, आणि आजी अर्धा तास भाव करून पुढचा एक तास त्यांच्याशी गप्पा मारायची. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्या खाटेलाच चिकटल्या.

"मी आता तिरडीवर जाण्यापुरतीच उठंल, पोरी," त्या पहिल्या वेळी म्हणाल्या.

"उठायचं नाहीच आहे तुम्हाला," आई म्हणाली. "फक्त पाय खाली सोडा. मला बघायचाय."

दुसऱ्या वेळी आई म्हणाली, उभं नाही राहायचं, फक्त टाच टेकवा. तिसऱ्या वेळी, चालायचं नाही, नुसता कट्टा धरा. दीड महिन्यानं द्वारकाबाई दारापर्यंत आल्या आणि तिथून त्यांनी नवऱ्याला, सांडूभाऊंना, हाक मारली, "अवं, ही बाई लई लबाड हाय. मला फसवून चालवलं हिनं."

स्वरालीनं त्या दिवशी मनाशी नक्की केलं की जगात आपली आई एकच आहे.

तर त्या वर्षी गणपती बुडवले, म्हणजे बादलीत बुडवले, कारण विहिरींनी कधीच तळ दाखवला होता, आणि पितृपक्ष लागला. दुसऱ्याच दिवशी खुलताबादहून रामकिसन गुरुजींचा फोन आला. गुरुजी निवृत्त शिक्षक. भावाची रिकामी खोली त्यांनी रंगवून घेतली होती, दोन खाटा टाकल्या होत्या. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर एकही फिजिओथेरपिस्ट नाही, मॅडमनी आठवड्यातले तीन दिवस यावं, ती खोली त्यांचंच केंद्र. आईचं दहा वर्षांचं स्वप्न होतं ते: स्वतःची जागा, स्वतःच्या नावाची पाटी.

"पंधरा तारखेपासून सुरू करायचंय, मॅडम," गुरुजी म्हणाले. "शहरातले एक डॉक्टर तयार आहेत, पण पहिला शब्द तुम्हाला दिलाय. नवमीपर्यंत हो किंवा नाही कळवा. त्यापुढं मला लोकांना थांबवता येणार नाही."

स्कूटीवर मशीन घेऊन पंचवीस किलोमीटर आणि वर घाट, हे होण्यासारखं नव्हतं. एसटीत एकदा मशीन नेलं होतं, ते उतरताना खुळखुळत होतं. भाड्याची गाडी केली तर मिळेल ते सगळं भाड्यातच जाणार. आईनं शोरूमला फोन लावला. दसऱ्याच्या गाड्या आधीच वाटून झालेल्या, आता नोंदवली तर दिवाळीनंतर. एकच पांढरी गाडी तयार उभी होती. ज्याची होती त्याच्या घरच्यांनी पितृपक्षात ताबा घ्यायला नकार दिला होता आणि रागारागात नोंदणीच रद्द केली होती.

म्हणजे घ्यायची तर आत्ता. नाहीतर खुलताबाद गेलं.

स्वरालीनं नुकतंच शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळवलं होतं. तेव्हापासून तिला वाटत होतं की जगातला कुठलाही प्रश्न पाच मिनिटांच्या भाषणानं सुटतो. ती अण्णांपुढं उभी राहिली. कॅलेंडर माणसासाठी की माणूस कॅलेंडरसाठी, इथपासून सुरुवात करून ती विज्ञानयुगापर्यंत पोचली. हातवारेही केले.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "छान बोलतेस. पण मुद्दा कधी मांडावा, याचं बक्षीस तुझ्या शाळेत नसावं. मी आत्ता उपाशी आहे."

वरच्या मजल्यावरच्या आवडाबाईंना जिन्यातून सगळं ऐकू गेलंच होतं. "पितरपाटात गाडी?" त्या खाली येऊनच म्हणाल्या. "अगं माय, आम्ही या दिवसांत केरसुणीसुद्धा घेत नाही. अण्णांच्या घरात असं झालं तर गल्लीनं कुणाकडं बघायचं?"

अण्णा ताटावर बसले होते. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे यांचं."

आईनं त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "अण्णा, उद्या संध्याकाळी मोकळे आहात का? घ्यायची नाही. फक्त बघायची आहे. तुम्ही जवळून बघितलीत की दोष कळतात."

दोष म्हटल्यावर अण्णा आले.

जालना रोडवरचं ते भलंमोठं शोरूम. आत काचेसारखी फरशी आणि माणूस एकही नाही. वरद नावाचा विक्रेता टेबलावर कोपरं टेकून बसला होता. यांना बघून तो असा उठला, जणू त्याच्याच घरी पाहुणे आले. "या दिवसांत इथं येतो तो एक तर पत्ता विचारायला, नाहीतर एसीत बसायला," तो म्हणाला. "तुम्ही कशाला आलात, काका?"

"दोष काढायला," अण्णा म्हणाले.

वरदनं चहा मागवला. अण्णांनी गाडीला तीन फेऱ्या घातल्या, वाकून चाकं बघितली, डिकी उघडायला लावली. मशीन तिच्यात आडवं बसेल का उभं, हे हातानं मोजलं. मोजतायत, हे स्वरालीनं पाहिलं आणि आईकडं पाहिलं. आई छताकडं बघत होती.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "अण्णा, चालवायची नाही. नुसतं बसून बघा. तुमची कंबर या सीटला मानवली नाही तर विषयच संपला." कंबर मानवली. वरदनं पुन्हा चहा मागवला.

घरी येताना रिक्षात अण्णा म्हणाले, "मीनाक्षी, मला पेशंट समजतेस काय?"

"चांगले पेशंट आहात, अण्णा. सांगितलेलं करता."

"मी अजून हो म्हटलेलं नाही."

"मी अजून विचारलेलंच नाही."

अण्णा रिक्षाच्या बाहेर बघू लागले, पण त्यांच्या मिशा हलल्या. स्वराली मधोमध बसली होती. दोघांच्या मधे बसून एवढी मजा तिला कधी आली नव्हती. आपण पाच मिनिटं ओरडलो आणि भिंत जागची हलली नाही. ही बाई एकही वाक्य मोठ्यानं न बोलता भिंतीला रोज वीतभर सरकवते आहे.

रविवारी चालवून बघायचं ठरलं. घ्यायची नाहीच, फक्त घाटात कशी चढते ते बघायचं. एरवी शोरूमवाले चौकापर्यंत नेऊन आणतात. पण वरदला दुसरं गिऱ्हाईक कुठं होतं? तो म्हणाला, "चला मॅडम, खुलताबादपर्यंत जाऊ. मलाही जरा हवा लागेल."

आई स्टिअरिंगवर बसली. स्वरालीनं तिला शिकाऊ गाडीत पाहिलं होतं, पण अशी नाही. आईनं आरसे लावले, सीट पुढं ओढली, पदर खोचला आणि नगर नाक्याची ती रविवारची गर्दी अशी पार केली की जणू पोळीच्या पिठात हात घातलाय, कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं ते हातालाच माहीत. अण्णा पुढं शेजारी बसले होते. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी ते दर वळणाला तो दाबत होते.

दौलताबादच्या वेशीत एका वेळी एकच गाडी मावते. आई निम्मी आत गेली आणि समोरून एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही.

"मागं ट्रॅक्टर आहे," अण्णा म्हणाले.

"दिसतोय, अण्णा."

तिनं हात बाहेर काढून ट्रॅक्टरवाल्याला थोपवलं, गाडी जुन्या दगडांना न घासता अलगद मागं घेतली, एसटीला वाट दिली. एसटीच्या ड्रायव्हरनं जाताना खाली बघितलं, स्टिअरिंगवर बाई बघितली आणि हॉर्नवरचा हात काढून कपाळाला लावला. मागं बसलेला वरद हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं शिकवायला येता का?" घाट संपेपर्यंत अण्णांचा पाय पुन्हा काही दाबायला गेला नाही.

खुलताबादला गुरुजींच्या खोलीला कुलूप होतं; आपण येणार हे आईनं कळवलंच नव्हतं. पायरीवर एक माणूस बसला होता. पन्नाशीचा, अंगावर स्वच्छ सदरा, डावा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे उजव्या हातानं उचलून ठेवलेला.

अण्णा पाय मोकळे करायला उतरले आणि त्याच्याजवळ गेले. "गुरुजी नाहीत का?"

"नाय. औरंगाबादला गेलेत, पाटी रंगवायला." माणसानं गाडीकडं पाहिलं. "तुमी कोण?"

"आम्ही असेच. तुम्ही?"

"फकिरा. वारं गेलं अंगावरून, तवापासून हे असं हाय." त्यानं हाताकडं बघितलं. "मास्तर म्हन्ले, एक बाई येनार हायेत, त्या हात हलवून देत्यात. म्हनून रोज येऊन बघतो."

"कधीपासून?"

"पोळ्यापासून."

अण्णांनी मनात मोजलं. तीन आठवडे झाले होते. "आणि दिवाळी होऊन गेल्यावर आल्या तर?"

"थांबू की," फकिरा म्हणाला. "आपल्याला काय, साहेब. बसल्या जागी तर थांबायचं हाय. लवकर केलं तर हात येतो म्हनं, उशीर झाला तर मग येत नाय, असं मास्तर म्हन्ले. पन ते काय आपल्या हातात हाय व्हय?"

आई गाडीतून उतरली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याचा हात हातात घेतला आणि एकेक बोट हळूहळू उघडून बघितलं. कोण, कुठली, काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "काही करायचं नाही. माझ्या बोटाकडं बघा आणि मनातल्या मनात मूठ मिटा." फकिरा कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा अंगठा गव्हाच्या दाण्याएवढा हलला.

फकिरानं अंगठ्याकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं. "तुमीच का त्या बाई?" त्यानं विचारलं.

आई उठली आणि गाडीकडं गेली. उत्तर कुणाकडं होतं ते स्वरालीला माहीत होतं, आणि ज्यांच्याकडं होतं ते चष्मा पुसत उभे होते.

परत येताना दौलताबाद मागं पडल्यावर अण्णांनी घसा साफ केला.

"वरद, कागदपत्रं व्हायला किती दिवस लागतात?"

"एरवी आठवडा लागतो, काका. पण आत्ता तिथंही शुकशुकाटच आहे. दोन-तीन दिवसांत होईल."

"म्हणजे नवमीला मिळेल?"

आईचे हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले, पण गाडीचा वेग एकदम कमी झाला.

"अण्णा, नवमीला आईंचं..." ती म्हणाली.

"मला माहीत आहे नवमीला काय असतं," अण्णा म्हणाले. सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथी, अविधवा नवमी. आजीचं पान त्याच दिवशी असायचं. "या पंधरवड्यात नवं काही आणू नये म्हणतात, ते का? तर पितर घरी आलेले असतात, आपलं लक्ष त्यांच्याकडं असावं. बरोबरच आहे. मी अकरा वर्षं तिला एकेक बरोबर कारण सांगत आलो. सगळी बरोबर होती. एकही चूक काढता येत नाही मला त्यांच्यात." ते थोडा वेळ खिडकीबाहेरची वाळलेली मक्याची रानं बघत राहिले. "ती वर्षातून एक दिवस जेवायला घरी येते. त्या दिवशी दारात गाडी असली तर तिला ती दिसेल तरी. दसऱ्याला कोण बघायला येणार आहे?"

स्वरालीला पाच मिनिटांचं भाषण सुचत होतं, पण तिनं पहिल्यांदाच आयुष्यात ते गिळलं.

"आणि धुवायची नाही हं गाडी," अण्णा म्हणाले. "ओल्या फडक्यानं पुसायची. एका तांब्यात."

"एका तांब्यात," आई म्हणाली.

नवमीला सकाळी वरदनं किल्ली दिली. हार नाही, पेढे नाहीत, फोटो नाही. शोरूममधली माणसं जरा ओशाळल्यासारखी उभी होती. अण्णांनी किल्ली घेतली आणि तशीच आईच्या हातात ठेवली. "आधी हर्सूलला," ते म्हणाले.

दर वर्षी या दिवशी एखादी सवाष्ण जेवायला बोलावतात, तिची ओटी भरतात. अण्णांनी या वेळी द्वारकाबाईंना सांगितलं होतं. "जिच्याशी ती रोज भांडायची तिलाच बोलवू," असं त्यांचं म्हणणं. खुब्याचं दुखणं झाल्यापासून द्वारकाबाई हर्सूलबाहेर पडल्या नव्हत्या. रिक्षाच्या हादऱ्यांनी जीव जातो म्हणायच्या.

तळ्यात पाणी नव्हतं. तडे गेलेल्या गाळात पोरं क्रिकेट खेळत होती. सांडूभाऊंनी बायकोला हात देऊन गाडीपर्यंत आणलं. अण्णांनी स्वतः पुढचं दार उघडून धरलं आणि ते मागं बसले.

द्वारकाबाई सावकाश टेकल्या. पाय एकेक करून आत घेतले. काचेवरून हात फिरवला. "वैनी म्हनायच्या," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा मुहूर्त सापडंल तवा तुला हर्सूलला सोडायला गाडीनं येईन. मी म्हनायची, तवर आपन दोघी वर असू. एक तर खरंच गेली की." मग मागं वळून म्हणाल्या, "अन्नासायेब, सापडला म्हना की."

"सापडला," अण्णा म्हणाले. "शोधायला जरा वेळ लागला."

"लई लागला," द्वारकाबाई म्हणाल्या.

जेवणं झाली. खीर झाली, ओटी झाली. आवडाबाई दोनदा जिन्यात येऊन गाडी बघून गेल्या. आई अंगणात गेली. तिनं रामकिसन गुरुजींना फोन लावला आणि सांगितलं, "गुरुजी, पंधरा तारखेला दहा वाजता येते. मशीन घेऊन येते. त्या डॉक्टरांना नाही म्हणून कळवा." आणि फोन ठेवल्यावर ती तुळशीपाशी तशीच उभी राहिली, कितीतरी वेळ, कंबरेवर हात ठेवून, जणू स्वतःच्याच पाठीला आधार देते आहे.

पंधरा तारखेला नेमका गल्लीत टँकर आला. पिंपं, कळश्या, बादल्या, भांडणं. गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरून गेली आणि साडेआठ वाजले तरी रांग संपेना. स्वरालीला शाळेला उशीर होत होता, पण ती फाटकातून हलली नाही. अण्णांनी मशीन डिकीत ठेवलं, हलवून बघितलं, दार लावलं आणि बाजूला झाले.

आईनं गाडी सुरू केली. हॉर्न वाजवला नाही. नुसती काच खाली घेऊन थांबली.

आवडाबाई रांगेत पुढून तिसऱ्या होत्या. अर्ध्या तासानं मिळवलेली जागा. त्यांनी एकदा टँकरकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग आपलं पिंप दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी नेऊन ठेवलं आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "सरक गं. मॅडमला पेशंट आहेत."

एकेक पिंप बाजूला झालं. त्या ओल्या, चिखल झालेल्या वाटेवरून पांढरी गाडी सावकाश पुढं गेली, गल्लीच्या तोंडाशी थांबली, डावा दिवा लुकलुकला आणि ती मोठ्या रस्त्याला लागली.